पियानोवरील अखंड वादन

पियानो शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याची एक अडचण सार्वत्रिक आहे. प्रत्येक सूर त्याला ठाऊक असतो, बोटेंही योग्य पट्टीवर पडतात. परंतु दर चार-दोन मात्रांनंतर हात थबकतो. आपल्याकडे गवई समेवर उशिरां आला, तर श्रोता तत्काळ अस्वस्थ होतो. पाश्चात्त्य संगीतांतही न्याय हाच आहे : चुकलेला एखादा सूर खपून जातो, मोडलेली लय खपत नाहीं. कित्येक विद्यार्थी याच टप्प्यावर निराश होऊन वाद्य सोडून देतात.

हा अडखळा बोटांच्या मंदपणामुळें येतो, असा सामान्य समज आहे. वस्तुतः हाताची एक ठेवण संपून दुसरी सुरू होते, त्या सांध्यांत तो असतो. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्या १७२२ सालच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’ या संग्रहांतील पहिला प्रील्यूड पाहावा. बाखनें १७२० सालीं आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठीं जी वही सुरू केली, तींत याचें आरंभींचें रूप आढळतें. या प्रील्यूडचे ३५ खंड आहेत. शेवटचे तीन वगळले, तर प्रत्येक खंडांत पांच सुरांची एकच ठेवण असून आठ सुरांची ओळ दोनदां वाजते. अर्थात् सोळा सूर सुखानें जातात. हात अडतो तो सतराव्या सुरापाशीं.

म्हणून अभ्यास सांध्याचा करावा. प्रथम प्रत्येक खंडांतील पांचही सूर एकदम दाबून, ठेवणीमागून ठेवण हातांत बसवावी. बोटांचा क्रम एकदां ठरवावा व तो बदलूं नये. नंतर एका खंडाचे शेवटचे आठ सूर आणि पुढील खंडाचा पहिला सूर, एवढाच तुकडा पुनःपुन्हा वाजवावा. ओळ दुसऱ्यांदा वाजत असतां दृष्टि पुढील खंडावर न्यावी. ती पुनरावृत्ति म्हणजे तयारीसाठीं मिळालेला अवकाशच होय. सर्वांत कठीण सांधा ज्या गतीनें न अडखळतां पार पडतो, तीच गति सबंध रचनेला ठेवावी. सोपा भाग जलद आणि कठीण भाग सावकाश, असें करूं नये. योहान मेल्ट्सेल यानें १८१५ सालीं ज्याचें पेटंट घेतलें, तें मेट्रोनोम नांवाचें लयमापक यंत्र येथें उपयोगी पडतें.

चूक होतांच आरंभापासून पुन्हा वाजविण्याची संवय मात्र घातक आहे. तिनें पहिले खंड घोटले जातात, शेवटचे कच्चे राहतात, आणि थांबणेंही अंगवळणीं पडतें. यासाठीं अभ्यासाचे दोन भाग करावे. दुरुस्तीच्या वेळीं अवश्य थांबावें व दोष शोधावा. वादनाच्या वेळीं एखादा सूर चुकला, तरी तो तसाच सोडून लयीबरोबर पुढें जावें आणि ती जागा दुसऱ्या दिवसाच्या दुरुस्तीसाठीं लक्षांत ठेवावी. अशा रीतीनें संथ गतीनें कां होईना, रचना आरंभापासून शेवटपर्यंत अखंड वाजूं लागली, म्हणजे पुढें गति वाढविणें फारसें अवघड राहत नाहीं.