शिक्षक आधी विद्यार्थी झाले : फादर मातेओ रिच्ची ह्यांचे परदेशातील दिवस

१७ डिसेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी येशूसंघीय धर्मगुरू फादर मातेओ रिच्ची ह्यांच्या असामान्य सद्गुणांना मान्यता दिली आणि संतपदाच्या वाटेवरील 'आदरणीय' ही पदवी त्यांना प्राप्त झाली. चीनचे थोर मिशनरी म्हणून त्यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले आहे. परंतु पूर्वेकडील देशांत त्यांनी शिक्षक म्हणून पहिले पाऊल टाकले ते चीनमध्ये नव्हे, तर आपल्या शेजारच्या गोव्यात, ही गोष्ट सहसा ध्यानात राहत नाही. मोठ्या मिशनरींच्या मोठ्या कार्यावर पुष्कळ लिहिले जाते. त्यांचा दिवस कसा जात असे, ह्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. आम्ही येथे तेवढेच पाहू इच्छितो.

इटलीतील माचेराता गावी १५५२ साली जन्मलेले रिच्ची सप्टेंबर १५७८ मध्ये गोव्याच्या बंदरात उतरले, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते आणि अद्याप धर्मगुरूही झालेले नव्हते. संत पौलाच्या महाविद्यालयात त्यांच्याकडे लॅटिन व ग्रीक हे विषय सोपविण्यात आले. मध्यंतरी ते कोचीनला गेले व तेथेच १५८० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. 'क्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, म्हणजे ह्याच सुमारास. आपल्या मराठीचे गुणगान गाणारा एक इंग्रज व चिनी लिपीत ग्रंथ लिहिणारा एक इटालियन एकाच किनाऱ्यावर आपापली वाट शोधत होते!

त्या काळी गोव्यात एक वाद पेटला होता. एतद्देशीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान हे उच्च विषय शिकवू नयेत, शिकले तर ते गर्विष्ठ होतील, असे तेथील वरिष्ठांपैकी काहींचे मत पडले. २५ नोव्हेंबर १५८१ च्या पत्रात रिच्चींनी थेट रोमला, संघाचे सर्वोच्च अधिकारी फादर क्लाउदिओ आक्वाविवा ह्यांना, ह्याविरुद्ध लिहिले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. विद्येने गर्व येतो हे कारण मानले, तर ते युरोपातील विद्यार्थ्यांनाही लागू पडेल. तेथे कोणी शाळा बंद केल्या आहेत काय? शिवाय, धर्मसेवकांना अज्ञानी ठेवून ख्रिस्तसभेचे कोणते हित साधणार? नुकताच दीक्षित झालेला एक तरुण गुरू आपल्याच वरिष्ठांच्या निर्णयाविरुद्ध असे लिहितो, ह्याचे मोल आम्हाला त्यांच्या पुढील कीर्तीपेक्षा कमी वाटत नाही. कारण समोर बसलेल्या विद्यार्थ्याची बुद्धी आपल्याइतकीच आहे, हा विश्वास त्यांनी पुढे चीनमध्येही सोडला नाही.

१५८२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी गोवा सोडला व ऑगस्टमध्ये ते मकावला पोहोचले. आता शिक्षकाला पुन्हा बाकावर बसायचे होते. चिनी भाषेत एकच उच्चार सूर बदलला की निराळा अर्थ देतो, आणि लिपीत अक्षरे नसून हजारो चिन्हे आहेत. व्याकरणाचे पुस्तक नाही, शब्दकोश नाही. शेवटी फादर मिकेले रुज्जेरी ह्यांच्यासमवेत त्यांनी स्वतःच पोर्तुगीज-चिनी शब्दकोश रचण्यास घेतला.

१५८३ मध्ये झाओछिंग शहरी त्यांना राहण्यास जागा मिळाली. घराजवळ एक उंच मनोरा बांधला जात होता. त्यावरून मुले परदेशी लोकांच्या छपरावर दगड मारीत. एकदा घरातील नोकराने एका मुलाला पकडून आत आणले व लगेच सोडूनही दिले. झाले! मुलाला औषध पाजून मुके केले, तीन दिवस डांबले, मकावला विकणार होते, असा आरोप शेजाऱ्यांनी अधिकाऱ्यांसमोर केला. मनोऱ्यावर काम करणाऱ्यांनी खरी साक्ष दिली आणि आरोप करणाऱ्यास फटक्यांची शिक्षा झाली. तिच्यात सूट मिळावी म्हणून रिच्चींनीच रदबदली केली. १५८९ साली त्यांना ते शहर सोडावे लागले. पुढे शाओझोऊ येथे १५९२ मध्ये एका रात्री घरावर हल्ला झाला. खिडकीतून उडी टाकताना रिच्चींचा पाय मुरगळला व तो अधू झाला. ह्या वेळीही हल्लेखोरांच्या सुटकेसाठी ते पुढे सरसावले.

आरंभी ते बौद्ध भिक्षूंप्रमाणे डोके मुंडवून राहत असत. पुढे त्यांना कळून आले की, तेथे मान आहे तो विद्वानांना. १५९५ मध्ये वरिष्ठांच्या संमतीने त्यांनी दाढी व केस वाढविले आणि रेशमी झगा परिधान केला. त्याच वर्षी नानछांग येथे त्यांनी मैत्रीविषयी एक छोटे पुस्तक चिनी भाषेत लिहिले. असंबद्ध अक्षरांची लांबलचक यादी एकदा वाचून ते ती सुलट आणि उलट म्हणून दाखवीत, म्हणून परीक्षार्थी तरुण त्यांच्याभोवती जमू लागले. राज्यपालांच्या मुलांसाठी त्यांनी स्मरणकलेवर पुस्तकही लिहिले. त्यातील थोरल्याचा अभिप्राय मात्र मार्मिक होता : नियम उत्तम आहेत, पण ते वापरण्यासाठी आधीच फार चांगली स्मरणशक्ती हवी! शिक्षकपेशातील आमच्या वाचकांना ही तक्रार ओळखीची वाटेल.

१६०१ साली ते बीजिंगला पोहोचले. वानली सम्राटासाठी त्यांनी दोन घड्याळे आणि पियानोच्या पूर्वजासारखे एक तारवाद्य नेले होते. सम्राटाचे दर्शन त्यांना कधीच घडले नाही, पण घड्याळांनी राजवाड्याचे दार उघडले. चावी दिली नाही तर ती बंद पडत. मग चार खोज्यांना तीन दिवसांत घड्याळांची सर्व विद्या शिकून घेण्याचा हुकूम सुटला. आणखी चौघे फादर दिएगो दे पान्तोहा ह्यांच्याकडून वाद्य शिकले आणि त्यासाठी रिच्चींनी चिनी भाषेत आठ गीते रचली.

त्यांच्या अध्यापनाचे सर्वांत सुंदर फळ ह्यानंतरचे. १६०३ साली बाप्तिस्मा घेतलेले विद्वान अधिकारी शू क्वांगछी रोज त्यांच्याकडे येत. रिच्चींनी समजावून सांगावे आणि शू ह्यांनी शुद्ध चिनी भाषेत उतरवावे, अशा रीतीने युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग १६०७ साली प्रसिद्ध झाले. बिंदू, रेषा ह्यांसाठी तेव्हा योजलेले शब्द चिनी शाळांत आजही चालतात. त्यात गुरू कोण व शिष्य कोण, हे सांगणे कठीण आहे.

पत्राचे उत्तर युरोपातून यावयास सहा-सात वर्षे लागत. रिच्ची मायदेशी परत गेले नाहीत. भेटीस येणाऱ्यांची रीघ आणि कामाचा भार ह्यांनी थकून ११ मे १६१० रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, बीजिंग येथे त्यांचे देहावसान झाले. परदेशीयांना मकावला नेऊन पुरण्याची रीत होती. परंतु सहकाऱ्यांच्या अर्जावरून सम्राटाने राजधानीलगत जागा दिली. त्यांची समाधी आजही तेथे आहे.