हात दाखवला तर थांबेल का?

मुंबईत नाहूरला एलबीएस मार्ग ओलांडायची रीत ठरलेली आहे. आधी येणाऱ्या रिक्षावाल्याच्या नजरेला नजर द्यायची, मग तळहात पुढे करून सरळ चालू लागायचं. रिक्षा जरा दबते, मागची बाइक कट मारून निघून जाते, माणूस पलीकडे पोहोचतो. झेब्रा क्रॉसिंगची चौकशी कुणी करत नाही.

गाडीत चालकच नसेल तर नजर कुणाला द्यायची?

18 मार्च 2018 च्या रात्री अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली. त्यात ती दगावली. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला, तेव्हा कळलं की गाडीच्या सेन्सरना ती 5.6 सेकंद आधीच दिसली होती. पण हे वाहन, सायकल की आणखी काही, याबद्दल संगणकाचं मत सारखं बदलत राहिलं. क्रॉसिंग सोडून कुणी मध्येच रस्त्यात येईल, हे त्या प्रणालीने धरलंच नव्हतं. देखरेखीला बसवलेली चालक त्या वेळी मोबाइलवर कार्यक्रम बघत होती. मुंबईत तर मध्येच रस्त्यात येणं हीच वहिवाट!

अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेच्या 2025 च्या पाहणीत स्वयंचलित गाडीत बसायचा भरवसा वाटतो, असं फक्त 13 टक्के चालकांनी सांगितलं. भीती वाटणारे दहात सहा होते.

आपल्याकडचं चित्र मात्र गमतीशीर आहे. चालक नसलेली गाडी म्हटली की लोक कानाला हात लावतात, आणि अर्धवट स्वयंचलित गाडीवर आंधळा विश्वास टाकतात. 2021 पासून मध्यम किमतीच्या गाड्यांतही ‘एडास’ हे चालकाला मदत करणारं तंत्र येऊ लागलं. गाडी स्वतः ब्रेक लावते, लेनमध्ये राहायला मदत करते. जबाबदारी मात्र पूर्णपणे चालकाची. तरी स्टीअरिंग सोडून हायवेवर काढलेले रील्स फिरत असतातच. कॅमेरा लेन ओळखतो तो रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून. मेट्रोसाठी वर्षानुवर्षं खणलेल्या एलबीएस मार्गावर त्याने पट्टे शोधायचे कुठे?

रुळांवर ही अडचण नाही. मेट्रो 2अ आणि 7 च्या गाड्या चालकाविना धावू शकतील अशाच बनवल्या आहेत. 2022 मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा केबिनमध्ये पायलट होता, एवढंच. मार्गिका बंदिस्त, आडवं येणारं कुणी नाही. त्यामुळे प्रवासीही निर्धास्त.

रस्त्यावरच्या गाड्यांबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींचा मुद्दा सुरक्षिततेचा नाही, पोटाचा आहे. विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, त्यामुळे चालकांच्या नोकऱ्या जातील, असं ते 2017 मध्ये म्हणाले आणि डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात पुन्हा म्हणाले. सत्तर-ऐंशी लाख चालकांचा त्यांनी तिथे उल्लेख केला. नाहूर-मुलुंडच्या रिक्षास्टँडवर या भूमिकेला विरोध करणारा सापडणं कठीण.

बाजार मात्र थांबलेला नाही. जुलै 2025 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं दालन उघडलं, तेव्हा ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ची किंमत लावली होती 6 लाख रुपये. सुविधा भारतात सुरू झालेली नव्हती, आणि जिथे सुरू आहे तिथल्या मालकांनाही कंपनी बजावते: लक्ष रस्त्यावरच ठेवा.