कोरड्या मुलखातले मॉस

पॉटिएसी हे मॉस वनस्पतींतले सर्वांत मोठे कुल. त्यात सुमारे १,४०० जाती मोडतात, म्हणजे जगातल्या दहा मॉस जातींपैकी एक याच कुलातली. मॉस म्हटले की महाबळेश्वर-आंबोलीची ओलीचिंब झाडे आठवतात; हे कुल मात्र उघड्या खडकांवर, चुन्याच्या भिंतींवर, अगदी वाळवंटातही तग धरते. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या शिरूर-दौंडसारख्या पर्जन्यछायेच्या मुलखाला मानवणारे मॉस ते हेच.

महाराष्ट्रात सहज भेटणारी यातली जाती म्हणजे हायोफिला इन्व्होल्युटा. जुन्या बांधकामाचा चुना, ओलसर विटा, पाण्याकाठचा दगड या तिच्या आवडत्या जागा. उघडीप पडली की तिची पाने कडांनी आत वळून मिटतात आणि थर काळपट दिसतो. सर आली की काही मिनिटांत ती पुन्हा उलगडतात. या कुलातल्या बहुतेक जातींच्या पानांच्या पेशींवर सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्यामधल्या फटींतून पाणी पानभर झटकन पसरते. हायोफिलाच्या पानांच्या बगलेत चांदणीच्या आकाराच्या मुकुलिकाही येतात. त्या गळून जिथे रुजतात तिथे नवे रोप उभे राहते. बीजाणू तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही.

वर्गीकरणाचा खरा पेच बीजाणुकोशाच्या तोंडाशी आहे. हेडविग यांच्या १८०१च्या ग्रंथापासून मॉसच्या नामकरणाची अधिकृत सुरुवात मानली जाते. त्यांनी भर दिला तो या तोंडाभोवतीच्या दातांच्या कड्यावर, म्हणजे परितुंडावर. पॉटिएसीच्या अनेक वंशांत हे दात लांब, धाग्यांसारखे आणि पीळदार असतात. हायोफिलात ते नसतातच. म्हणून हूकर यांनी १८१९ मध्ये ही जाती जिम्नोस्टोमम या दात नसलेल्यांच्या वंशात घातली. पण या कुलात दात एकदाच नव्हे, वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे नाहीसे झाले आहेत. दात नाहीत म्हणून दोन मॉस जवळचे नातलग ठरत नाहीत.

रिचर्ड झँडर यांनी १९९३ मध्ये कुलाची फेरमांडणी केली, ती पानाच्या मध्यशिरेची अंतर्रचना, पेशींवरचे उंचवटे अशी अनेक लक्षणे एकत्र तोलून. ज्या पॉटिया वंशावरून कुलाला नाव मिळाले, तो वंशच त्यांनी मोडला आणि त्याच्या जाती टॉर्टुला व इतर वंशांत वाटल्या. नामकरणाच्या नियमांनुसार कुलाचे नाव मात्र टिकले. पुढे डीएनएच्या पुराव्यावरून टिमिएला हा वंश बाहेर निघाला आणि २०१४ मध्ये त्याचे टिमिएलेसी हे स्वतंत्र कुल झाले.