मागाहून भेटलेले मल्ल

दारासिंगांचें नांव निघालें कीं, आजच्या पुष्कळ घरांत प्रथम आठवतो तो हनुमान. रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही दूरचित्रवाणी-मालिका १९८७ सालीं सुरू झाली. तींत दारासिंगांनीं केलेली मारुतीची भूमिका लोकांच्या मनांत इतकी ठसली कीं, त्यापूर्वीं हेच गृहस्थ कित्येक वर्षें देशोदेशींचे आखाडे गाजवीत होते, याचा नव्या पिढीला विसर पडला. १२ जुलै २०१२ रोजीं ते मुंबईस वारले. मग त्यांचीं जुनीं छायाचित्रें पुन्हां छापून आलीं, आणि ‘किंगकाँग’ हें नांव धारण करणाऱ्या धिप्पाड हंगेरियन मल्लाशीं त्यांच्या झालेल्या झुंजींची हकीकत पुष्कळ मुलांनीं तेव्हां प्रथम वाचली. तो किंगकाँग तर १९७० सालींच सिंगापुरास मोटारीच्या अपघातानंतर मरण पावला होता. ओळख झाली ती दोघेही गेल्यानंतर!

धंदेवाईक मल्लांच्या बाबतींत असें फार वेळां घडतें. नुसते मल्लच नव्हेत, तर त्यांच्या कुस्त्या भरविणाऱ्या कंपन्याही आपल्याला बहुधा बुडाल्यावरच ठाऊक होतात. असें कां व्हावें, आणि अशा मागाहून झालेल्या ओळखींत काय हातीं लागतें व काय निसटतें, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे कुस्ती म्हटली म्हणजे तांबडी माती, हलगीचा कडकडाट आणि पाठ लागल्याशिवाय निकाल नाहीं, असें चित्र डोळ्यांपुढें येतें. अमेरिकेंतील व जपानांतील धंदेवाईक कुस्ती ही वस्तु निराळी. तेथें उंच चौथऱ्यावर दोरांनीं वेढलेल्या चौकोनांत मल्ल उतरतात, आणि कोणीं जिंकावयाचें हें आधींच ठरलेलें असतें. आपण जिला नुरा कुस्ती म्हणतों, तिचाच हा थाटामाटाचा अवतार. हें वाचून कित्येक पालक नाक मुरडतील. पण नाटकांत शेवटीं कोण मरावयाचें हेंही ठरलेलेंच असतें, म्हणून नटाला कोणी लबाड म्हणत नाहीं. शिवाय निकाल ठरलेला असला, तरी पडणें खरें असतें. हाडें मोडतात तीं खरींच मोडतात.

या कुस्ती-कंपन्यांचें आपल्या जुन्या नाटक कंपन्यांशीं बरेंच साम्य आहे. एक मालक, त्याचा गोतावळा, एक नायक, एक ठरलेला खलपुरुष, आणि गांवोगांवचा दौरा. १९४८ सालीं आयोवा संस्थानांतील वॉटर्लू गांवीं कांहीं मालक एकत्र जमले व त्यांनीं ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ नांवाचा संघ स्थापिला. प्रत्येकानें आपापल्या मुलुखांत खेळ करावे, दुसऱ्याच्या हद्दींत शिरूं नये, आणि सर्वांचा मिळून एकच जगज्जेता असावा, असा त्यांचा करार होता. तो जगज्जेता वर्षभर हिंडे. प्रत्येक शहरीं तेथील लाडका मल्ल त्याला हरवितां हरवितां राही आणि प्रेक्षक हळहळत घरीं जात. डॅलसच्या लोकांना फॉन एरिक बंधू म्हणजे जीव कीं प्राण. कॅनडांतील कॅलगरीच्या लोकांना स्टू हार्ट व त्यांचे मुलगे घरच्यासारखे. एकाच्या गांवचा देव दुसऱ्याच्या गांवीं कोणाच्या खिजगणतींतही नसे.

१९८२ सालीं व्हिन्सेंट मॅकमॅहन यांनीं वडिलांकडून ईशान्य अमेरिकेंतील कंपनी विकत घेतली आणि हद्दीची ही शिस्त मोडली. तारेनें घरोघर पोंचणारी दूरचित्रवाणी हातीं येतांच मुलुखाचें कुंपण निरुपयोगी झालें. लहान कंपन्या एकामागून एक निमाल्या. मिनिॲपोलिसची ‘अमेरिकन रेसलिंग असोसिएशन’ १९९१ सालीं बंद पडली. २००१ सालीं फिलाडेल्फियाची ‘एक्स्ट्रीम चँपियनशिप रेसलिंग’ व अटलांटाची ‘वर्ल्ड चँपियनशिप रेसलिंग’ या दोन्ही एकाच वर्षीं संपल्या.

या शेवटच्या कंपनीचा अखेरचा खेळ २६ मार्च २००१ रोजीं फ्लॉरिडांत झाला. शेवटची कुस्ती रिक फ्लेअर व स्टिंग यांची. आज ती चित्रफीत कोणी प्रथमच पाहिली, तर त्याला काय दिसेल? बावन्न वर्षांचा एक गृहस्थ अंगांत सदरा तसाच ठेवून दोरांच्या आंत येतो. त्याहून दहा वर्षांनीं लहान असा दुसरा त्याचे पाय आपल्या पायांत अडकवून त्याला उताणा-पालथा करतो. पहिला हार मानतो. मग दोघे मिठी मारतात. नवख्याला वाटेल, यांत एवढें काय आहे? पण त्याच प्रेक्षकानें मागें जाऊन २७ मार्च १९८८ ची ग्रीन्सबरो येथील कुस्ती पाहावी. तेथें फ्लेअर जगज्जेता आहे आणि स्टिंग हा नुकता पुढें येत असलेला तरुण. पंचेचाळीस मिनिटांची मुदत संपल्याची घंटा होते, तेव्हां स्टिंगनें नेमका हाच पेंच घातलेला असतो. आणखी कांहीं क्षण मिळाले असते तर! निकाल बरोबरीचा लागतो. तेरा वर्षांनीं, कंपनीच्या शेवटच्या रात्रीं, त्याच पेंचांत तोच मल्ल सांपडतो व या वेळीं हार मानतो. ज्यांनीं दोन्ही कुस्त्या आपापल्या काळीं पाहिल्या, त्यांना तेरा वर्षें वाट पाहावी लागली. मागाहून येणाऱ्याला तें एका दुपारीं उलगडतें, पण उलट क्रमानें. त्याला उत्तर आधीं मिळतें, प्रश्न मागाहून.

हा उलटा क्रम कधीं कधीं फार जड जातो. जपानचे मित्सुहारू मिसावा यांनीं ८ जून १९९० रोजीं टोकियोंत जंबो त्सुरुता यांना हरविलें. तोंपर्यंत त्सुरुता हे कंपनीचे अग्रणी, आणि मिसावा यांनीं तर वाघाचा मुखवटा उतरवून स्वतःच्या नांवानें खेळण्यास महिनाही उलटला नव्हता. सभागृहांतला जल्लोष चित्रफितींतूनही कान भरून टाकतो. पण आज आपण तो ऐकतों, तेव्हां त्सुरुता २००० सालीं, पन्नाशीच्या आंतच, मनिला येथें शस्त्रक्रियेच्या वेळीं वारले हें आपल्याला ठाऊक असतें. १३ जून २००९ रोजीं हिरोशिमा येथें प्रतिस्पर्ध्यानें पाठीवर उचलून टाकल्यानंतर मिसावा उठले नाहींत, हेंही ठाऊक असतें. तेव्हां ते सेहेचाळीस वर्षांचे होते. १९९० नंतरच्या दशकांत त्यांच्या कंपनींत मल्ल एकमेकांना मानेवर, डोक्यावर आपटीत, आणि लोक उभे राहून टाळ्या देत. त्या टाळ्यांचा हिशेब पुढें कोणीं चुकता केला, हें आपणांस दिसतें. टाळ्या देणाऱ्यांना दिसत नव्हतें. आमच्या मतें मागाहून पाहणाऱ्याचा हा एकच खरा अधिकार आहे, आणि तो सुखाचा नाहीं. (मैदानावर ते डाव करून पाहण्याची हौस कोणा विद्यार्थ्यास असेल, तर त्यानें हा परिच्छेद पुन्हां वाचावा.)

दुसरी अडचण चित्रफितींची. जुन्या काळीं या फिती महाग असत. आठवड्याचा खेळ दाखवून झाला कीं, तो पुसून त्याच फितीवर पुढचा खेळ घेण्याची चाल बऱ्याच ठिकाणीं होती. त्यामुळें कित्येक मल्लांचें उमेदीचें सर्व आयुष्य पुसलें गेलें. जें उरलें, त्यांतील मोठा वांटा आज मॅकमॅहन यांनीं वाढविलेल्या कंपनीकडेच आहे. डॅलस, कॅलगरी, मिनिॲपोलिस, अटलांटा या साऱ्यांच्या फिती तिनें विकत घेतल्या. म्हणजे हरलेल्यांचें दप्तर जिंकलेल्याच्या कपाटांत! अटलांटाची कंपनी पहिल्यापासून बुडावयाचीच होती, असा नव्या प्रेक्षकाचा सहज समज होतो. वास्तविक १९९६ पासून १९९८ पर्यंत लागोपाठ ८३ आठवडे तिचा सोमवारचा खेळ प्रतिस्पर्ध्याहून अधिक लोक पाहत होते. ज्या रसिकांनीं घरच्या यंत्रावर खेळ टिपून त्या फिती टपालानें एकमेकांना पाठविल्या, त्यांचे उपकार या बाबतींत मोठे आहेत.

गामांचें नांव आपल्याकडे लहानांसही ठाऊक आहे. पण त्यांचे प्रतिस्पर्धी पोलिश मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची पुढची हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडन येथें दोघांची गांठ पडली. झिबिस्को दोन तासांहून अधिक वेळ जमिनीस चिकटून राहिले, म्हणून कुस्ती बरोबरीची ठरली. पुढच्या आठवड्यांत ते आलेच नाहींत. १९२८ सालीं पतियाळा येथें गामांनीं त्यांना मिनिटाच्या आंत चीत केलें. या दोहोंच्या मध्यें ते अमेरिकेंतील ठरवाठरवीच्या कुस्तींत वावरत होते. १९२५ सालीं फिलाडेल्फियांत वेन मन या मल्लाकडून त्यांनीं हरावयाचें, असें ठरलें होतें. पण ऐन वेळीं या पंचेचाळिशीच्या मल्लानें खरीच कुस्ती केली, आणि बिचाऱ्या मनला पुनःपुन्हां पाठ टेकावी लागली.

हें सर्व आम्हीं केवळ वाचलें आहे. झिबिस्को हालतांना-बोलतांना दिसतात ते १९५० सालच्या ‘नाइट अँड द सिटी’ या चित्रपटांत. सत्तरीच्या घरांतील झिबिस्को त्यांत ग्रेगोरियस नांवाच्या वृद्ध मल्लाचें काम करतात. या मल्लाला लटक्या कुस्तीचा तिटकारा असतो. एका दांडग्या जवानाशीं अचानक जुंपते, तो त्याला नमवितो, आणि थोड्याच वेळांत प्राण सोडतो. तो जवान झालेले माइक मझुर्की हेही प्रत्यक्षांत धंदेवाईक मल्लच होते. चित्रपट घेतला गेला तो लंडन शहरांत. गामांची आणि झिबिस्कोंची पहिली गांठ पडली होती, तेंही लंडनच. मध्यें चाळीस वर्षें लोटलीं होतीं.