एबीएस, म्यूनिखच्या टॅक्सी आणि कुंभार्ली घाट

पाटणहून हेळवाकमार्गे चिपळूणला उतरताना कुंभार्ली घाट लागतो. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा कोयनेचा हा पट्टा. धुक्यातलं वळण, ओलं डांबर आणि अचानक पुढ्यात आलेला ट्रक: एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, खरी परीक्षा इथे, असं मला गाडी हाती आल्यापासून वाटत आलं आहे.

चाक जाम झालं की गाडी घसरते आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, ती सरळच जाते. एबीएसमध्ये प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर दातेरी कड्यावरून चाकाचा वेग मोजतो. एखादं चाक गाडीच्या मानाने फार झपाट्याने मंदावलं की झडप त्या चाकाच्या ब्रेक ऑइलचा दाब आधी रोखते, मग उतरवते. चाक फिरू लागलं की दाब पुन्हा चढतो. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा चालतं. पेडलखाली थरथर जाणवते ती याचीच. जुने ड्रायव्हर पायाने ब्रेक पंप करत; पण चारपैकी नेमक्या एकाच चाकाचा दाब सोडणं कुठल्याही पायाला जमणारं नाही.

चाक जाम होऊ न देणारं डनलॉपचं यांत्रिक मॅक्झारेट १९५०च्या दशकात विमानांना बसत होतं, १९६६ला ते जेन्सन एफएफ या मोटारीत आलं. पुढे हायडेलबर्गच्या टेल्डिक्स कंपनीत हाइन्झ लायबर यांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा ध्यास घेतला. सुरुवातीच्या त्या यंत्रात सुमारे हजार सुटे भाग होते आणि त्यांचा भरवसा नव्हता. बॉशने डिजिटल तंत्राने ते १४०वर आणले, आणि १९७८ला मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये एबीएस बाजारात आलं.

मला मात्र सर्वांत जास्त खिळवून ठेवलं म्यूनिखच्या टॅक्सींनी. एकाच कंपनीच्या एकसारख्या गाड्या. काहींना एबीएस, काहींना नाही. काही वर्षांच्या नोंदींत दोन्हींच्या अपघातांत म्हणावा तसा फरक दिसला नाही! प्रवासी बनून बसलेल्या निरीक्षकांनी कारण टिपलं: एबीएसवाले वळणं जास्त झोकात घेत, लेन नीट धरत नसत. यंत्राने दिलेली सुरक्षितता त्यांनी बेदरकारपणात खर्चून टाकली. पुढे दुरुस्तीच्या खर्चाचा वाटा कंपनीने ड्रायव्हरांवर टाकला, तेव्हा मात्र अपघात घटले. या प्रयोगावरून तज्ज्ञांत मोठा वाद झाला. यंत्रच कुचकामी, असा निष्कर्ष काहींनी काढला. मला तो मान्य नाही. मोटारसायकलवर एबीएसने जीव वाचतात, हे पुढच्या अभ्यासांनी दाखवलं आहे.

एप्रिल २०१९पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, १२५ सीसीवरच्या दुचाकींनाही. पण घाटात त्याच्या मर्यादा उघड होतात. सतत ब्रेक दाबून उतरलात तर पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळतं, आणि दाबच उरला नाही तर एबीएस सोडणार काय नि चढवणार काय? तिथे जुनाच नियम खरा: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. दरडीची खडी पसरलेल्या वळणावर तर एबीएसची गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेऊ शकते, कारण जाम झालेलं चाक पुढ्यात खडीचा ढीग रचतं आणि त्यालाच अडतं. फिरत्या चाकापुढे तसा ढीग साचत नाही. पण गाडी वळवता येते.

म्हणून ड्रायव्हिंग शिकवताना ओल्या, मोकळ्या मैदानावर ही थरथर प्रत्येकाला एकदा अनुभवू द्यायला हवी. पहिल्यांदा ती पायाला लागली की माणूस दचकून पाय उचलतो, आणि नेमका तेव्हाच तो उचलायचा नसतो. ब्रेक पूर्ण दाबून ठेवायचा, आणि नजर ट्रकवरून काढून मोकळ्या जागेकडे स्टिअरिंग वळवायचं.