भाताचे तूस, चांदीचे कण आणि पिण्याचे पाणी

शहापूर व मुरबाड ह्या दोन्ही तालुक्यांचे मुख्य पीक भात होय. झोडणी आटोपली की गावोगावच्या भातगिरण्या सुरू होतात आणि गिरणीच्या मागील अंगास तुसाचे ढीग वाढू लागतात. शंभर किलो भात भरडले असता सुमारे वीस किलो तूस निघते. हे तूस गुरे खात नाहीत, उकिरड्यात ते लवकर कुजत नाही, आणि वाऱ्याने उडून शेजाऱ्यापाजाऱ्यांत तंट्यास कारण होते ते निराळेच. काही तूस वीटभट्टीवाले नेतात, काही राबात जाते, उरलेले गिरणीमागेच पेटवून दिले जाते. अशा ह्या टाकाऊ पदार्थाचा पदार्थविज्ञानाच्या एका अगदी नव्या शाखेशी आणि आपल्या घरातील पिण्याच्या पाण्याशी जो संबंध आला आहे, तो ह्या लेखात सांगावयाचा आहे.

तूस कुजत नाही ह्याचे कारण त्यातील सिलिका. भाताचे रोप जमिनीतील पाण्यात विरघळलेली सिलिका मुळांवाटे शोषून घेते आणि पाती, पेंढा व दाण्याचे टरफल ह्यांत साठविते. बेणणी करताना भाताच्या पातीने हात चरचरतो तो ह्या सिलिकेमुळेच. शंभर किलो तूस जाळले तर सुमारे वीस किलो राख उरते, आणि पूर्ण जळालेल्या राखेत शेकडा ८५ ते ९५ भाग सिलिका असते. नदीतील वाळू व गारगोटी हीदेखील मुख्यतः सिलिकाच होय. परंतु गारगोटीत ती घट्ट, स्फटिकरूप असते, तर बेताच्या आचेवर जाळलेल्या तुसाच्या राखेत ती पोकळ, अस्फटिक व असंख्य सूक्ष्म छिद्रांनी भरलेली असते. ही छिद्रे साध्या डोळ्यांस दिसत नाहीत. ती मोजावयास जे माप लागते, त्यास नॅनोमीटर म्हणतात.

एका मीटरचे शंभर कोटी, म्हणजेच एक अब्ज, समान भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. म्हणून ह्या शास्त्रास मराठीत अब्जांश तंत्रज्ञान असे नाव पडले आहे. भाताचा दाणा सहा मिलिमीटर लांब धरला तर तो साठ लाख नॅनोमीटर भरेल. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर असते. विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जंतूंची लांबी साधारणतः एक ते दोन हजार नॅनोमीटर, आणि दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीच्या एका विषाणूची रुंदी अवघी तीस नॅनोमीटर असते. ज्या कणांचे माप शंभर नॅनोमीटरहून कमी आहे, त्यांस सामान्यतः नॅनोकण म्हणतात.

पदार्थ इतका बारीक केल्याने काय साधते, असा प्रश्न सुज्ञ शेतकरी विचारील. त्याचे उत्तर हिशोबाने देता येते. चांदीचा एक घन सेंटिमीटरचा चौरस खडा घेतला तर त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर होते. तोच खडा कापून दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर चांदी तेवढीच राहते, पण सर्व तुकड्यांच्या बाजूंचे एकत्रित क्षेत्रफळ सहाशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होते. पदार्थाची बाह्य जगाशी जी काही देवघेव चालते ती त्याच्या पृष्ठभागावर चालते. बोटाच्या पेराएवढ्या चांदीला सहा गुंठ्यांचे शेत मिळाले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. इतक्या लहान आकारात पदार्थाचा स्वभावही पालटतो. सोने पिवळे, हे लहान मूलही सांगेल. परंतु वीस नॅनोमीटरच्या आसपासचे सोन्याचे कण पाण्यात पसरले की ते पाणी माणकासारखे लाल दिसते. इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे ह्यांनी १८५७ साली अशा लाल द्रावाचा अभ्यास प्रसिद्ध केला व कणांच्या बारीकपणाशी त्या रंगाचा संबंध जोडला. सोन्यातील विद्युत्कण प्रकाशाच्या लाटेबरोबर झोके घेऊ लागतात; कण लहान असला की हे झोके प्रकाशातील हिरव्या भागाशी जुळतात, तो भाग शोषला जातो, आणि उरलेला लाल भाग आपल्या डोळ्यांस दिसतो.

हे लाल सोने आपल्या पाड्यांवर केव्हाच येऊन पोहोचले आहे, हे थोड्यांस ठाऊक असेल. ताप आलेल्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन आशा कार्यकर्ती ज्या पट्टीवर हिवतापाची तपासणी करते, त्या पट्टीवरील तांबडी रेष बहुधा सोन्याच्या नॅनोकणांची असते. ह्या कणांवर हिवतापाच्या जंतूचे विशिष्ट द्रव्य पकडणारे प्रथिन चिकटविलेले असते. रक्तात ते द्रव्य असेल तर सोन्याचे कण त्याच्यासह वाहत जाऊन ठराविक जागी अडकतात व रेष उमटते. घरच्या घरी गर्भधारणा तपासण्याची पट्टीही ह्याच तत्त्वावर चालते. कार्यकर्त्यांनी येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हिवतापाच्या पट्टीवरील रेष फिकट उमटली तरी ती रेषच समजावी, आणि तपासणी बरोबर झाल्याची खूण दाखविणारी दुसरी रेष उमटलीच नाही तर ती पट्टी बाद धरून नवी घ्यावी. पट्ट्यांचे खोके उन्हात वा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नये.

असे कण बनविण्यास नेहमीच मोठी यंत्रे लागतात असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात गवती चहाचा अर्क घातला, तेव्हा त्यातून सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण तयार झाले. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कानेही सोन्याचे व चांदीचे कण तयार करून त्यांनी दाखविले. परसातल्या गवती चहाने एवढे काम करावे, ह्याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

आता चांदीकडे वळू. चांदीच्या पृष्ठभागापासून पाण्यात अत्यल्प प्रमाणात विद्युद्भारित कण सुटतात. ते जंतूंच्या प्रथिनांतील गंधकास जाऊन चिकटतात, त्यांचे कार्य बंद पाडतात आणि जंतू मरतो. पाण्याच्या भांड्यात चांदीचे नाणे टाकण्याची चाल पूर्वी पुष्कळ घरी होती. तीत तथ्य होते. पण नाण्याचा पृष्ठभाग तो केवढा! तेवढ्याने घरातील पाणी निर्धोक होईल असे मानू नये. तीच चांदी नॅनोकणांच्या रूपात आणली की वर सांगितलेला सहा गुंठ्यांचा हिशोब लागू होतो. अडचण एवढीच की मोकळे कण पाण्याबरोबर वाहून जातील. त्यांस धरून ठेवणारा, स्वस्त व भरपूर छिद्रांचा आधार हवा. तो आधार तुसाच्या राखेने दिला.

पुणे येथील टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ह्या संस्थेत तुसाच्या राखेचे ‘सुजल’ नावाचे गाळणयंत्र तयार करण्यात आले होते. पुढे त्याच राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून टाटा केमिकल्स ह्या कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ हे यंत्र बाजारात आणले. त्यास वीज लागत नसे, नळ लागत नसे, आणि त्या वेळी त्याची किंमत एक हजार रुपयांच्या आत होती. त्यातील गाळणकांडी सुमारे तीन हजार लिटर पाणी शुद्ध केल्यावर आपोआप बंद होत असे. ही नावे केवळ इतिहास म्हणून दिली आहेत, कोणत्याही मालाची शिफारस म्हणून नव्हे.

ह्या विषयास आपल्या भागात विशेष महत्त्व आहे. तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात असून मुंबईकरांची तहान त्यांवर भागते. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईस जात आहे. तरीही ह्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांस उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ही स्थिती असावी, हे दुर्दैव होय. चैत्र-वैशाखात विहिरी तळास जातात, बाया ओढ्याच्या पात्रातील झऱ्यावर वाटी-वाटीने पाणी भरतात. आणि पहिल्या पावसाबरोबर आजूबाजूची घाण वाहून उघड्या विहिरीत उतरते. जुलाब, कावीळ व विषमज्वर ह्यांचा धोका ह्याच दिवसांत वाढतो. अशा वेळी घरात चांदीच्या गाळणीचे यंत्र आहे म्हणून निर्धास्त राहणारे कुटुंब अधिक अडचणीत येण्याचा संभव असतो, म्हणून यंत्राच्या मर्यादा स्पष्ट सांगणे अवश्य आहे.

गढूळ पाणी अशा यंत्रात ओतल्यास छिद्रे लवकर बुजतात, आणि मातीचे कण चांदी व जंतू ह्यांच्यामध्ये येतात. म्हणून पाणी आधी निवळू द्यावे, तुरटी फिरवावी व दुपदरी स्वच्छ फडक्याने गाळून मग यंत्रात घालावे. जंतूंवर चांदीचा परिणाम चांगला होतो, विषाणूंवर तितका भरवसा ठेवता येत नाही. पाण्यातील क्षार, फ्लोराइड व खतांतून उतरलेले नायट्रेट चांदीने दूर होत नाहीत. गाळणकांडीचे आयुष्यही मोजके असते. पाच माणसांच्या घरात पिण्यास व स्वयंपाकास रोज पंधरा लिटर पाणी लागते असे धरले, तर तीन हजार लिटरची कांडी दोनशे दिवस पुरेल, म्हणजे वर्षास दोन कांड्यांचा खर्च धरावा लागेल. ज्यांस हा खर्च झेपणार नाही, त्यांनी यंत्र घेऊन जुन्या कांडीवर विसंबण्यापेक्षा पाणी उकळावे. पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसेच ठेवले की जंतू व विषाणू दोन्ही मरतात. सार्वजनिक विहिरीस तर टीसीएल पावडरीवाचून गत्यंतर नाही. चांगल्या प्रतीची पावडर दर हजार लिटर पाण्यास सुमारे पाच ग्रॅम ह्या प्रमाणात, द्रावण निवळून टाकावी, किमान अर्धा तास थांबावे, आणि ओटी चाचणीत पिवळा रंग आल्यावरच पाणी भरू द्यावे. चांदीपेक्षा क्लोरीनचा एक गुण मोठा आहे: तो पाण्यात शिल्लक राहून हंड्यापर्यंत व पेल्यापर्यंत राखण करतो.

चुलीतली किंवा गिरणीमागची राख फडक्यात बांधून त्यातून पाणी गाळण्याचा प्रयोग कोणी करू नये. त्या राखेवर चांदी नसते. उलट तिच्यातील क्षार पाण्यात उतरतात, जंतू मात्र जागच्या जागी राहतात. तसेच औषध म्हणून बाटलीतून विकल्या जाणाऱ्या चांदीच्या पाण्यापासून दूर राहावे. ते दीर्घकाळ पोटात गेल्यास कातडी कायमची निळसर-करडी पडते, आणि त्याने कोणताही रोग बरा होत असल्याचा पुरावा नाही. भांड्यात जंतूंशी लढणारी चांदी पोटात तेच काम करील, हा तर्क चुकीचा आहे.

नॅनो हे नाव आता खताच्या बाटलीवरही आले आहे, आणि शेतकरी बंधू त्याविषयी वारंवार विचारतात. इफ्को ह्या सहकारी संस्थेने २०२१ साली नॅनो युरिया बाजारात आणला. अर्ध्या लिटरच्या त्या बाटलीत शेकडा चार प्रमाणाने २० ग्रॅम नत्र होते. २०२४ मध्ये आलेल्या अधिक तीव्र प्रकारात ते सुमारे शंभर ग्रॅम भरते. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीत २० किलोहून अधिक नत्र असते, आणि एक टन भात पिकावयास साधारणतः १५ ते २० किलो नत्र लागते. बारीक कण पानात अधिक चांगले शिरत असतील; पण बाटलीत नाही तेवढे नत्र ते कोठून आणणार? पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत, युरिया घटवून नॅनो युरिया फवारला असता भात व गहू दोहोंचे उत्पादन घटले. तेव्हा ज्यांस प्रचीती पाहावयाची असेल त्यांनी एका गुंठ्यावर पाहावी. संपूर्ण खाचरातील युरिया निम्म्याने कमी करण्याचे धाडस करू नये. भातात युरिया वाचविण्याचा भरवशाचा मार्ग युरिया-डीएपी ब्रिकेटचा आहे. चार चुडांच्या चौकोनात २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचली की नत्र हवेत उडून किंवा पाण्याबरोबर वाहून जात नाही.

ही गोळी डॉ. नारायण सावंत ह्यांनी प्रचारात आणलेल्या चारसूत्री भातशेतीतील एक सूत्र होय, आणि त्याच पद्धतीच्या पहिल्या सूत्रात तूस पुन्हा भेटते. तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो ह्या प्रमाणात बी पेरण्यापूर्वी मिसळावी. रोपांस सिलिका मिळते, ती कणखर होतात, करपा व खोडकिडा ह्यांस अधिक दाद देत नाहीत, आणि राखेने माती भुसभुशीत झाल्यामुळे लावणीच्या वेळी मुळे न तुटता रोपे उपटून येतात. राख काळीच हवी. भडका करून जाळलेल्या पांढऱ्या राखेतील सिलिका स्फटिकरूप होऊ लागते व रोपांस सावकाश मिळते. शिवाय अशा राखेची धूळ श्वासावाटे जाणे फुप्फुसांस अपायकारक असते. ह्यासाठी तुसाचा ढीग मंद आचेवर धुमसू द्यावा, काळा पडताच पाणी शिंपडून विझवावा, आणि राख हलविताना नाकातोंडास फडके बांधावे. दहा चौरस मीटरच्या वाफ्यास पाच ते दहा किलो राख लागेल. तेवढ्या राखेस पुरेल इतके तूस गिरणीतून भात घरी आणतानाच गोणीत भरून ठेवावे, कारण मृगाच्या तोंडावर ते वीटभट्टीवर गेलेले असते.