अंडात एकाएकी कळ आली तर रात्र काढू नका



कुटुंब नियोजनाच्या पत्रकात पाळणा लांबवण्याची, नसबंदीची माहिती असते. या वेळी पुरुषाच्या एका दुखण्याविषयी सांगावयाचे आहे. लाजेपायी ते घरात दडवले जाते आणि अंड कायमचे जाते.

प्रत्येक अंड एका देठाला लोंबते. त्या देठातूनच त्याला रक्त मिळते. कधी कधी हा देठ दोरीसारखा पिळला जातो आणि रक्त बंद पडते. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया करून पीळ सोडवला तर अंड बहुधा वाचते. बारा तासांनंतर आशा फार कमी होते. दिवस उलटला तर बहुतेक वेळा ते काढूनच टाकावे लागते.

ही कळ एकाएकी उठते, पुष्कळदा झोपेतून. एका बाजूचे अंड वर ओढल्यासारखे दिसते, मळमळते, ओकारी होते. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांत हे जास्त, पण तान्ह्या बाळाला व मोठ्या माणसालाही होते. मुलगा आईला नुसते "पोट दुखते" एवढेच सांगतो. अशा वेळी मायबापांनी चड्डी काढून पाहावे, त्यात लाज कसली? कळ आपोआप थांबली तरी दाखवावेच. पीळ पुन्हा बसू शकतो.

सूज हळूहळू वाढली, ताप आला, लघवीला जळजळ झाली तर ते बहुधा जंतूंमुळे असते. कधी नवरा-बायको दोघांनाही औषध लागते. गालगुंडानंतरही अंड सुजते. जांघेतला हर्निया आत न जाता दुखू लागला तर तीही घाईचीच गोष्ट. पण यातले कोणते, हे घरी ठरवत बसू नका.

शेक, लेप, मालिश नको. शस्त्रक्रिया लागेल म्हणून खायला-प्यायला देऊ नका. 108 ला फोन करा. उमरखेड किंवा झरी जामणीहून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचण्यातच सहा तासांतला मोठा वाटा जातो, म्हणून उजाडायची वाट पाहू नका.

"नसबंदीमुळेच असं होतं," असे गावात कोणी म्हणेल. ते खरे नाही. नसबंदीत बीज नेणारी नळी तेवढी बंद करतात. अंडाला रक्त देणारी नाडी शाबूत राहते. नंतर काही दिवस थोडे ठणकते. मात्र सूज वाढत गेली, ताप किंवा पू आला तर त्याच दवाखान्यात लगेच जावे.